नाव नसलेले पाय

सोमवार, ४ मार्च

प्रिय ठकू,

हे नाव तुला आता आवडत नाही, माहीत आहे. पण तुझं खरं नाव कागदावर लिहायला घेतलं की केसपेपर भरतेय असं वाटतं, म्हणून राहू दे.

मामाकडून तुझा निरोप मिळाला. तीन वर्षांतला पहिला. मामाने तो फोनवर वाचून दाखवला. मी परत वाचायला लावला, तरी तो एका ओळीचाच राहिला. "आईकडे माझे जुने पाय असतील तर पाठवून दे." खाली पत्ता. मामा म्हणाला, "अगं, जुने पाय म्हणजे काय? ऐकायला कसंतरीच वाटतं." मी म्हटलं, "आमच्यात असंच म्हणतात." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, 'आमच्यात' म्हणताना मी तुलाही धरलं होतं.

आहेत. पाचही आहेत. चौथ्या वर्षाचा, पाचव्या, सहाव्या, सातव्या आणि शेवटचा नवव्या वर्षाचा. पाठवते. या आठवड्यात केंद्रात जरा गडबड आहे, तेवढी सरू दे.

गडबड म्हणजे तीन परदेशी विद्यार्थी आलेत. पाच दिवस आमचं काम बघायला. प्रत्येकाने एकेका कारागिराच्या मागे एक पाऊल अंतर ठेवून चालायचं, हात पाठीमागे बांधायचे, कशालाही शिवायचं नाही. थोडक्यात, आमची सावली व्हायचं. मोठ्या बाई आठवडाभर आम्हालाच वळण लावत होत्या. एप्रन धुतलेले हवेत, एकमेकांना गाढवा म्हणायचं नाही. चामडेवाले काका म्हणाले, "त्यांना कुठे आपली भाषा कळतेय?" बाई म्हणाल्या, "भाषा नाही कळत, सूर कळतो." काका तेव्हापासून गोड आवाजात गाढव म्हणतात.

तिघांची बारशी पहिल्या तासातच झाली. एक इतका उंच आहे की भट्टीच्या दारात वाकतो, तो खांब. एक कशालाही मान हलवतो, तो होयबा. आणि तिसरी मुलगी, वही. ती माझ्या वाट्याला आली. एकोणीस-वीस वर्षांची. सगळं लिहून घेते. मी शिंकले तरी लिहील असं काका म्हणतात.

तिला पहिल्यापासून समजावून सांगितलं. तिची इंग्रजी आणि माझी इंग्रजी दोन्ही लंगड्या, पण एकमेकींना धरून चालल्या. वाकड्या पायावर ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळायची. सुकली की कापून काढायची. त्या पोकळ कवचात प्लास्टर ओतायचं, म्हणजे हुबेहूब तो पाय हातात येतो. त्यावर तापवलेलं प्लास्टिक ओढून पायाला आधार देणारं कॅलिपर करायचं. त्या प्लास्टरच्या पायाला आम्ही साचा म्हणत नाही, पायच म्हणतो. पाच वर्षं ठेवतो, मग फोडतो. ती दचकली. "फोडता?" म्हटलं, मूल वाढतं गं, जुन्या पायाचा उपयोग काय?

हे बोलताना तू आठवलीस असं नाही. ते बोलून झाल्यावर आठवलीस.

आई


बुधवार, ६ मार्च

ठकू,

परवा एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, ठेवली. वही तुझ्या खोलीत राहते आहे. अतिथिगृहात दोनच खोल्या होत्या, त्या मुलग्यांना दिल्या. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे एक खोली रिकामीच असते ना." मी 'रिकामी नाही' म्हणणार होते, पण मग काय आहे ते सांगावं लागलं असतं.

तिने काही हलवलेलं नाही. खिडकीतली तुझी दगडांची रांगसुद्धा तशीच आहे. सकाळी अंथरुणाची घडी अशी घालते की कुणी झोपलं होतं हे कळू नये. मला ते बघवत नाही. काल मीच चादर थोडी विस्कटून ठेवली.

आज तिने विचारलं, "तुम्ही पायावर जांभळ्या पेन्सिलीने गोल का काढता?" तुला ते माहीत आहे. लहानपणी तुझी जीभ कितीदा त्या पेन्सिलीने जांभळी झाली होती. प्लास्टर लावायच्या आधी जिथे हाड वर येतं तिथे आम्ही गोल काढतो. पट्टी ओली झाली की तो गोल प्लास्टरवर उमटतो, आणि ओतलेल्या पायावरही उमटतो. मग कळतं की इथे दाब द्यायचा नाही, इथे दुखेल. तिने लिहून घेतलं. मग म्हणाली, "आणि मुलाला विचारत नाही? कुठे दुखतं म्हणून?"

मी म्हटलं, "हाड सांगतं."

तेवढ्यात चार वर्षांचा एक आला होता, तो आईच्या मांडीवरून ओरडत होता आणि पाऊल दाखवत होता. मी बघितलं. तिथे हाड नव्हतं, कड नव्हती, काहीच नव्हतं. मी नेहमीसारखं म्हटलं, "तिथे नाही दुखत, राजा." त्याने बोट मागे घेतलं. वहीने मला विचारलं, "काय म्हणालात त्याला?" मी भाषांतर केलं. ती ते लिहायला लागली, आणि मला उगीचच वाटलं की हे एक वाक्य तरी तिने लिहू नये.

रात्री जेवताना तिने तुझ्याबद्दल विचारलं. भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून, "तुमची मुलगी कशी आहे?" मी सांगायला लागले. डावं पाऊल जन्मतः आत वळलेलं, चौथ्या वर्षापर्यंत टाच टेकत नव्हती, पोटरी उजवीपेक्षा दोन सेंटिमीटरने बारीक. तिने पेन उचललं, आणि परत ठेवलं. म्हणाली, "मी पेशंट नाही विचारला. मुलगी विचारली."

मी तिला भात वाढला. 

तुझे पाय बांधून ठेवलेत. उद्या पोस्टात टाकते.

तू जायच्या आधीच्या त्या दुपारबद्दल मी काही लिहिणार नाही. लिहायला घेतलं की मी माझीच बाजू मांडायला लागते.

आई


शुक्रवार, ८ मार्च

ठकू,

आज काहीतरी झालं. अजून लिहिता येत नाही. मामाला फोन लावला होता, पण तो उचलायच्या आतच ठेवून दिला.

आई


रविवार, १० मार्च

ठकू,

आता सगळं लिहिते. क्रमाने लिहिते, नाहीतर मी मधलं गाळेन.

बुधवारी तुझे पाय बांधून ठेवलेत असं लिहिलं, ते खोटं होतं. ते कपाटातून काढलेही नव्हते. पोस्टात टाकायचे म्हणजे दहा मिनिटांचं काम. पण ते माझ्याकडे आहेत तोवर तुला माझ्याकडून काहीतरी हवं आहे. आठवडा गेला, महिना गेला तर तू मामाकडे पुन्हा विचारशील, "पाठवले का तिने?" म्हणजे आणखी एक ओळ. एवढाच माझा हिशेब होता.

दुसरं. त्यांच्यावर तुझं नाव नाही. आमच्या घरच्यांचे पाय पाच वर्षांच्या पुढे ठेवायचे नाहीत असा बाईंचा दंडक आहे. एकाला सूट दिली तर केंद्राचं संग्रहालय होईल. म्हणून मी तुझं नाव कधी घातलंच नाही. नुसता नंबर आणि तारीख. तेरा-चौदा वर्षं ते माझ्या कपाटाच्या तळाशी, जुन्या एप्रनमागे उभे होते. कुणाचेच नसल्यासारखे. लपवायचे म्हणून मी त्यांना बेवारशी केलं.

शुक्रवार विद्यार्थ्यांचा शेवटचा दिवस. बुधवारचं ते 'पेशंट नाही विचारला' माझ्या डोक्यातून जात नव्हतं. सकाळी लवकर गेले, कपाट उघडलं, तुझे पाचही पाय बाहेर काढले. खोटं सांगत नाही, खोकं आणलं होतं. वरच्यावर पुसले एकेक. मागच्या खोलीतल्या टेबलावर ओळीने उभे केले. सर्वांत धाकटा माझ्या तळहातात मावतो. खोक्यात घालायला जुने टॉवेल हवे होते, ते आणायला निघाले तर वाटेत चार वर्षांचा तो राजा परत आलेला. कॅलिपर घातलं तर रडून गोंधळ. आई घाबरलेली.

वही माझ्या मागे एक पाऊल. हात पाठीमागे. पाच दिवस त्या पोरीने हात पाठीमागे बांधले होते, ठकू. कारागिराच्या जातीची आहे ती, बोटं शिवशिवत असतात, मला दिसत होतं. मला वाटलं, जाता जाता तिला एक तरी काम करू द्यावं. फोडायचं काम सगळ्यांना आवडतं. मी तिला मागच्या खोलीत नेलं, हातोडा दिला, गॉगल दिला, मांडणीवरचे जुने पाय दाखवले. नियम नीट सांगितला. पाच वर्षांच्या आतली तारीख असेल तर हात लावायचा नाही. त्याहून जुनी असेल आणि नाव नसेल तर फोड. जुनी असून नाव असेल तर बाजूला ठेव, आपण घरच्यांना विचारू. तिने वहीत लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं. बरोबर लिहिलं होतं.

टेबलावरच्या ओळीबद्दल मला सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं, ते सोड म्हणून. पण मग तिने विचारलं असतं का, ते कुणाचे. आणि तिकडे राजा ओरडत होता. मी म्हटलं, "आलेच मी." आणि गेले.

राजापाशी अर्धा तास गेला. तो त्याच जागी बोट दाखवत होता, जिथे मी त्याला दुखत नाही म्हणाले होते. मागून ठक ठक आवाज येत होता. काका म्हणाले, "पोरगी मन लावून करतेय हो." मी हसलेसुद्धा.

मग ती दारात आली. भुवया, पापण्या, सगळं पांढरं. इतकी आनंदी ती मला आठवडाभरात दिसली नव्हती. दोन्ही हातांत तुझा नवव्या वर्षाचा पाय, जपून धरलेला. म्हणाली, "बाकी झाले. हा हातात उलटा झाला तेव्हा दिसलं, याच्यावर नाव आहे. तळव्यावर. मी विचारायला आणला."

तिने तो उलटा केला.

मी तो पाय घडवला, कानशीने घासला, त्याच्यावरून कॅलिपर ओढलं, सगळं केलं. काम झाल्यावर तो मांडणीवर उभा राहिला. उभा पाय कोण कशाला उलटा करून बघेल? तू तेव्हा शाळेतून थेट केंद्रात यायचीस, मागच्या खोलीत बसायचीस, माझं काम संपेपर्यंत. जांभळी पेन्सिल हरवते म्हणून मी सगळ्यांवर चिडायचे.

तळव्याच्या मधोमध तू एक गोल काढला आहेस. अगदी माझ्यासारखा. त्याखाली बारीक अक्षरात, 'आई इथे दुखतं'.

तिथे हाड नाही, ठकू. तिथे दुखायचं काही कारण नाही. म्हणून मी तुला काय सांगत असेन ते मला आता तोंडपाठ आहे.

वहीने विचारलं, "नावच आहे ना?"

मी म्हटलं, "हो. नावच आहे."

"मग घरच्यांना विचारायचं?"

"विचारायचं."

तिने मान डोलावली. वही काढली आणि ती अक्षरं उतरवून घेतली, चित्र काढावं तशी, काने-मात्रा मोजून. या नियमाचं उदाहरण म्हणून. ती वही आता विमानातून तिच्या देशात गेली. तिथे कुणाला वाचता येणार नाही.

मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? माझाच नियम तिने माझ्यापेक्षा नीट पाळला होता. शनिवारी सकाळी निघताना गळ्यात पडली. म्हणाली, सगळ्यांत छान शुक्रवार होता. मी रस्त्याच्या वळणापर्यंत हात हलवत उभी राहिले. ती गेल्यावर तुझ्या खोलीत गेले तर अंथरुणाची घडी तशीच, कुणी झोपलंच नव्हतं अशी.

आता ती दुपार. तुला नवीन बुटात आधार करून द्यावा असं माझ्या मनात होतं. तू नको म्हणाली होतीस, दोनदा. डॉक्टरांची वेळ मी तुला न विचारता घेतली होती, त्यावरून भांडण झालेलं होतंच. तू जेवून झोपलीस, पाय चादरीबाहेर. मी टेप आणली. फक्त मापं घेणार होते. मला वाटलं, एकदा छान बसलं की तुलाच आवडेल. घोट्यापाशी टेप गार लागली असेल, तू जागी झालीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू पाय आत ओढून घेतलास आणि म्हणालीस, "संपलं का मोजून?" आठवड्याने तू गेलीस. मी सगळ्यांना सांगत राहिले की नोकरीसाठी गेली.

ती मापं मी टाकली नाहीत. हेही लिहायला हवं.

आई


मंगळवार, १२ मार्च

ठकू,

पार्सल आज टाकलं. हे पत्र वेगळं पाठवते आहे. पार्सल उघडायचं की नाही हे तुला आधी ठरवता यावं.

त्यात नवव्या वर्षाचा पाय आहे, अख्खा. टॉवेलात गुंडाळलाय. बाकीचे चार कापडी पिशवीत आहेत. त्या खोलीतल्या कचऱ्यात शुक्रवारी फोडलेले इतरांचेही पाय होते. पण तुझे मला ओळखू आले. सहाव्या वर्षीची टाच, चौथ्याची करंगळी, मी डोळे मिटूनही सांगेन. काका शेजारी बसून पाट्या उपसू लागले. त्यांना काही सांगितलं नव्हतं. एकदाच म्हणाले, "ठकूचे?" मी हो म्हटलं. मग ते दिवसभर कुणालाच गाढव म्हणाले नाहीत.

तळव्यांच्या तुकड्यांवर जांभळ्या रेघा आहेत. जवळजवळ सगळ्यांवर. तू नऊ वर्षांची असताना त्या खोलीत बसून जुन्या पायांवरही लिहून ठेवलं असणार. एकावर गोलाचा पाव भाग आहे. एकावर अर्धं अक्षर, पुढे तुटलेलं.

मला दोन दिवस पुरले असते. फुटलेला पाय जोडायचा, भेगा भरायच्या, वरून हात फिरवला तरी कळू नये इतकं सफाईने, हेच तर मी आयुष्यभर केलं. रविवारी रात्री टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, तुकडे मांडले, डिंकाची बाटली उघडली. दोन तुकडे जुळवून बघितले. बसले. एक शब्द पुरा होत आला होता. मी ते दोन्ही उलटे करून ठेवले.

कारण मला कळेना. या पायांवर तू मी वाचावं म्हणून लिहिलंस, की मी वाचायच्या आत परत हवेत म्हणून ते मागितलेस? की दोन्ही नाही, दुसरंच काही, जे मला सुचणारही नाही? निरोप आला तेव्हा मामाला एवढं विचारायला हवं होतं की तिला ते कशाला हवेत. मी फक्त 'आहेत' म्हटलं. पाच दिवस एक परकी पोर दर पाच मिनिटांनी 'का' विचारत होती, तरी मला ते सुचलं नाही.

तर ते जोडलेले नाहीत. वाचलेलेही नाहीत, तो एक सोडून. त्याला माझा इलाज नव्हता. चुरा झटकला नाही, त्यातही कुठे रेघ असेल म्हणून.

माझ्याकडे आता तुझं काही नाही. टेपवाली मापं पिशवीत वरच ठेवलीत, तुझी तू फाड.

राजाचं कॅलिपर काल बदललं. त्याला पेन्सिल दिली आणि म्हटलं, तू काढ गोल. त्याने पोटरीवर काढला, गुडघ्यावर काढला, आईच्या हातावर काढला, माझ्या एप्रनवर काढला. त्यातला खरा कुठला ते मला कळलं नाही. सगळीकडे मऊ पट्टी लावली. तरी तो रडतच गेला.

पोस्टात खिडकीतल्या माणसाने विचारलं, "आत काय आहे?"

म्हटलं, "प्लास्टरचे पाय."

त्याने चष्म्यावरून बघितलं. "नाजूक आहेत का? तसा शिक्का मारू?"

"नको. फुटलेलेच आहेत."

"मग कशाला पाठवताय, बाई?"

"जिचे आहेत," मी म्हटलं, "तिने मागितलेत."

आई